दोनशे की चारशे

पौनीकरांनी आधी विचारलं, मांडव कोणत्या रंगाचा?
मी म्हटलं, अजून ठरला नाही.
"मंग रोल कायचा ठरवतो बापा?
लाल कापडाखाली नवरी उभी केली
तं वऱ्हाडासकट सारे टमाटर."

सीताबर्डीचा बोळ, पंख्याची कुरकुर,
काचेच्या कपाटात डब्या:
पिवळ्या, हिरव्या, एक निळसर,
आणि मागे, मुदत संपलेल्या, अर्ध्या किमतीत.
माझ्याकडे पैसे दोन रोलचे.
म्हणजे बहात्तर वेळा बोट दाबायचं,
नशीब बरं असलं तर चौऱ्याहत्तर.

"हिरव्या डबीत झाडं मस्त येतात,
अंबाझरीले फिरायले जाशील तं घे.
पिवळीत चेहरे उबदार.
पण हे कंपनीचं म्हणणं झालं.
कंपनीनं इंदोऱ्याचं लग्न कुठं पाह्यलं?"

मग सांगितलं, जे सांगायचं होतं.
की विशाखा काळी आहे.
सावळी नाही, गव्हाळ नाही,
असा अर्ध्या वाटेत थांबणारा शब्द तिला चालत नाही.
की दाखवायच्या फोटोसाठी स्टुडिओत
तिला तीनदा पावडर लावली,
आणि कामठीचा मुलगा घरी आला तेव्हा
एकदा फोटो, एकदा ती, असं पाहत राहिला,
मग म्हणाला, फोटोतल्या बाईंना मी ओळखत नाही,
यांच्याशी बोलतो.
की परवा भाकर थापताना, मान वर न करता
ती मला म्हणाली,
आहे तेवढी काढ.

पौनीकर आत गेले.
फ्रिजमधून, ताकाच्या बाटलीमागून,
दोन रोल घेऊन आले. चारशेचे.

"कॅमेऱ्यावर मात्र दोनशे ठेवजो.
उजेड जास्त झाला तं निगेटिव सहन करते.
कमी झाला, तं काळ्यात जे असते
ते तिथंच राह्यते, मंग कितीही रड.
उजेड तिच्या गालावर मोज.
साडीवर नको, पांढरी साडी फसवते.
आन् ट्यूबलाइट बंद करायले लाव,
नाही तं पुऱ्या वऱ्हाडाले कावीळ."

मे महिना. पारा सेहेचाळीस.
सायकलच्या हँडलला ओल्या पंचात डब्या बांधून
मी घरी आलो, जसं कोणाचं औषध आणावं.
मेश्रामबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या.
त्या दर दोन तासांनी निरोप पाठवायच्या:
आहेत, आहेत.

मांडव शेवटी पांढरा बांधला.
माझ्या रोलसाठी, असं मी अजून सांगतो.
खरं तर तोच स्वस्त होता.

लग्न मला आकड्यांनी आठवतं.
एकवीस: त्रिशरण म्हणताना तिचे मिटलेले डोळे.
बावीस: निळा झेंडा, वारा नसलेला.
तेवीस हलला.
चाळिशीच्या आसपास कुठे तरी
संत्राबर्फीचं ताट, आणि त्यावर नवरदेवाचा हात.

लॅबच्या मशीननं तिला आधी गोरी केली.
"मशीनले वाटते चूक झाली, सुधरून टाकते,"
पौनीकर म्हणाले, आणि परत पाठवलं.
दुसऱ्यांदा ती करडी आली.
तिसऱ्यांदा आली ती विशाखा,
कपाळावरच्या घामासकट,
आणि गालाच्या हाडावर
जो उजेड घरात आम्ही कोणी कधी पाहिला नव्हता.

त्याआधी एकदा खिडकीशी पट्टी धरली होती.
संत्र्याच्या सालीच्या रंगाची ती पट्टी,
तीत साडी काळी, बर्फी निळी,
झेंडा पिवळट,
आणि माझी बहीण लख्ख गोरी.
माहेरी आलेली ती, खांद्यावरून वाकून पाहत होती.
म्हणूनच हिला निगेटिव म्हणतात, म्हणाली,
आणि चहा टाकायला गेली.

चौऱ्याहत्तरावा फोटो मिळालाच.
रोल द्यायला गेलो तेव्हा एक शिल्लक होता,
म्हणून पौनीकरांना काउंटरमागे उभं केलं,
त्यांच्याच ट्यूबलाइटखाली.
हिरवेगार आले.
त्यांनी तो मोठा करून घेतला, स्वतःच्या पैशानं,
आणि गिऱ्हाइकांना दाखवायला
काचेखाली ठेवला:
असं करू नये म्हणून.